झावळ्यांच्या रविवारची पोळी

वडिलांना कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही नगर जिल्ह्यातून अंबरनाथला आलो. पाठोपाठ काकाही आला आणि दोघा भावांना एकाच ओळीत खोल्या मिळाल्या. स्वातंत्र्याला तीन-चार वर्षं झाली होती. शेजारच्या लष्करी बराकींत सिंधी कुटुंबं येऊन राहिली होती. त्या वस्तीला उल्हासनगर असं चांगलं नाव मिळालं होतं, पण आमच्या तोंडी ती कॅम्पच राहिली.

ख्रिस्ती घरं मोजकी. रविवारी आम्ही शाळेच्या एका वर्गात उपासनेला जमायचो. मी त्याच शाळेत पहिलीला शिकवत असे, म्हणून किल्ली माझ्याकडे आणि पेटी वाजवायचं कामही माझ्याकडे. बाक भिंतीशी लावून सतरंजी अंथरायची, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. पेटी मेजाजवळ असल्यामुळे मला सगळ्यांची तोंडं दिसत. गाताना कोण नुसते ओठ हलवतं तेही दिसे.

महिन्या-दोन महिन्यांनी कल्याणहून पाळकसाहेब आले की प्रभुभोजन व्हायचं, प्रभूच्या आठवणीत पोळीचा तुकडा आणि रसाचा घोट घ्यायचा. त्यासाठीची पोळी आणि काळ्या मनुकांचा रस घराघरांतून पाळीपाळीने येई. मनुका कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराकडून आणायच्या. हा आमचा देवाला लागणारा माल आहे असं एकदा त्याला कळलं, तेव्हापासून तो काड्या वेचून द्यायचा.

आता आमच्या आईबद्दल. आई प्रार्थनेला पहिली, आजाऱ्याच्या उशाशी पहिली. पण पोळीची पाळी काकूची असली की त्या रविवारी ती प्रभुभोजन घेत नसे. ताटली समोर आली की हात जोडून मान खाली घालायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "आज मन स्वच्छ नाही माझं." आईचं मन नेमकं काकूच्या पाळीला कसं अस्वच्छ होतं, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं.

गोष्ट अशी, की गावाकडे जातीजातीचे वाडे वेगळे. आमचं घर एका वाड्यातलं आणि काकूचं माहेर दुसऱ्या, आमच्याहून खालच्या समजल्या जाणाऱ्या वाड्यातलं. बाप्तिस्मा दोन्हीकडे आजोबांच्या पिढीतच झालेला. जात सोडली, नावं बदलली, पण कोण कुठल्या वाड्यातलं ते कोणी विसरलं नाही. गावात प्रार्थनासुद्धा ज्याच्या त्याच्या वाड्यात होत असे, त्यामुळे प्रश्नच यायचा नाही. काका नगरला शिकायला गेला आणि काकूशी लग्न करून बसला. काकाला आईने लहानाचं मोठं केलेलं. तिने लग्नात आशीर्वाद दिला, बाळंतपणात काकूचं सगळं केलं, स्वतःच्या हाताने डिंकाचे लाडू करून खाऊ घातले. पण काकूच्या घरी कधी घोटभर पाणी प्यायली नाही. "आत्ताच जेवून आले गं," हे तिचं ठरलेलं. मला या गोष्टीचा भयंकर राग यायचा. मी एक-दोनदा तोंड उघडलं तेव्हा आई म्हणाली, "तू पहिलीच्या पोरांना शिकव, मला नको."

काकूने कधी तोंड वाकडं केलं नाही. ती मिशनच्या दवाखान्यात वाढलेली, कमी बोलणारी. आई आली की चहाचं आधण ठेवायची आणि आई गेली की उतरवायची.

काकाच्या मुलीवर मात्र आईचा जीव. माझ्या मागेमागे वाढलेली माझी ती चुलत बहीण. तिचं बदलापूरच्या एका मुलाशी जमत आलं. मुलगा रेल्वेत, मोजकं बोलणारा, हिला मनापासून आवडलेला. अडचण एकच. ती माणसं आमच्या वाड्यातली, म्हणजे आईच्या बाजूची. मुलाला काही वाटत नव्हतं, त्याच्या आईला वाटत होतं. तिने मधल्या माणसाकरवी विचारणा केली ती अशी, "मुलीच्या मोठ्या काकी तिच्या घरी जेवतात का?"

हे कानावर आलं त्या दिवशी काकू आमच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. "जाऊबाई," म्हणाली, "मुलाच्या घरचे झावळ्यांच्या रविवारी उपासनेला येणार आहेत. पोळीची पाळी माझी आहे." एवढंच बोलली आणि गेली. पोरीचं लग्न आईच्या एका घासावर अडलं आहे हे तिने न सांगताच सांगितलं होतं. आई परातीत पीठ घेऊन बसली होती, तिने ते तसंच झाकून ठेवलं.

मला वाटलं, आता तरी सुटेल हा हट्ट. पण आमच्या आईने जो मार्ग काढला तो आमच्याच माणसांना सुचावा. त्या रविवारी सकाळी तिने स्नान केलं, कोरं पातळ नेसली आणि स्वतः पोळ्या केल्या. झाकून, ताटली घेऊन माझ्या आधी शाळेच्या दारात हजर. प्रभुभोजन घ्यायचं, पाहुण्यांदेखत घ्यायचं, पुतणीचं लग्न मोडू द्यायचं नाही, आणि खायची मात्र आपल्याच हातची. तिच्या हिशेबी यात सगळ्यांचंच भलं होतं.

काकू आली तेव्हा मेजावर एक ताटली आधीच होती. तिने आपली शेजारी ठेवली. तिला काय कळायचं ते कळलं.

बदलापूरची मंडळी झावळ्या घेऊन आली. प्रभू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी झावळ्या हलवल्या होत्या, तशी मुलं झावळ्या हलवत वर्गाभोवती फिरली, गाणं झालं, सगळे बसले. मुलाची आई ठुसठुशीत बांध्याची, गळ्यात सोन्याचा क्रूस. ती मानाने आईशेजारी बसली. दोन ताटल्या पाहून तिने आईच्या कानाशी लागून काहीतरी विचारलं. आई हळू बोलली, पण पेटीपर्यंत ऐकू आलं. "जाड ती माझी."

पाळकसाहेबांनी दोन्ही फडकी उचलली. एकीत काकूच्या पातळ, पापुद्र्यासारख्या पोळ्या, दुसरीत आईच्या जाडजूड. "आज दोन?" त्यांनी विचारलं.

"माणसं जास्त आहेत म्हणून," आई बसल्या जागेवरून म्हणाली.

माणसं काही इतकी जास्त नव्हती. तेवढ्यात काकू उठली, मेजापाशी गेली आणि आपल्या ताटलीवर फडकं टाकून ती उचलू लागली. "त्यांचीच घ्या, साहेब," ती म्हणाली. "माझ्या पोरीचं होऊ दे." पुरुषांच्या बाजूला काका अर्धवट उठला, त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. माझी बहीण जमिनीकडे बघत होती. त्या क्षणी मला आईची लाज वाटली, आणि तिची कीवही आली, कारण ती घामाघूम झाली होती.

पाळकसाहेबांनी काकूच्या हातातली ताटली काढून घेतली आणि परत मेजावर ठेवली. ते म्हातारे होते, उपदेश लांबवायची त्यांना सवय नव्हती. म्हणाले, "अर्पण घेऊन वेदीपाशी आलात आणि भावाच्या मनात तुमच्याबद्दल काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून जा आणि आधी त्याच्याशी समेट करा, असं प्रभूने शिकवलं. आपण अर्धंच पाळतो. ठेवायचं तेवढं ठेवतो आणि जागेवर बसून राहतो. उठून जा म्हटलंय ते कुणाला ऐकू येत नाही." कोणाकडे बघून बोलले नाहीत. मग त्यांनी दोन्हीकडच्या पोळ्या मोडल्या आणि सगळे तुकडे एकाच ताटलीत घातले.

आई उठली नाही. उठेल असं मला वाटलं होतं, मी पेटीवरचा हातसुद्धा थांबवला होता.

आमच्याकडे रीत अशी, की ताटली फिरते, प्रत्येकाने तुकडा घेऊन हातात धरायचा, सगळ्यांना मिळाला की पाळकसाहेब सांगतात आणि मग सगळ्यांनी एकदम खायचं. ताटली पाहुण्या म्हणून आधी मुलाच्या आईपुढे आली. जाड आणि पातळ तुकडे आता एकमेकांत मिसळलेले. तिने बोटाने पातळ तुकडे बाजूला सारले, खालून एक जाड तुकडा शोधून काढला आणि मुठीत धरला. अगदी सहज, तांदळातला खडा काढावा तसं.

आई ते बघत होती. मी आईकडे बघत होते. मला तिचा चेहरा कधी इतका उघडा दिसला नव्हता. आपण इतकी वर्षं जे मान खाली घालून करत आलो ते शेजारच्या बाईच्या बोटांत तिला आयतं दिसलं, आणि तेही तिच्या लाडक्या पुतणीच्या घरच्या पोळीबाबत. आईला राग आला. तिचा राग मी ओळखते, नाकपुड्या फुगतात.

ताटली तिच्यापुढे आली. तिने न शोधता वरचा एक पातळ तुकडा घेतला आणि त्याचे दोन केले. मग त्या बाईचा हात धरला, मूठ उघडली आणि आतला जाड तुकडा काढून परत ताटलीत टाकला. त्या जागी काकूच्या पोळीचा अर्धा तुकडा ठेवला.

"अहो, हे काय?" ती बाई पुटपुटली.

"ही घ्या, विहीणबाई," आई म्हणाली. हळू बोलायचं तिला भान राहिलं नव्हतं. "मुलगी या घरची नेणार ना? मग पोळी या घरचीच खा."

ताटली पुढे पुरुषांकडे गेली. पाळकसाहेबांनी घाई केली नाही, शेवटच्या माणसापर्यंत ती जाऊ दिली, मग म्हणाले, "घ्या."

आईने आधी खाल्लं, त्या बाईच्या डोळ्यांत बघत. त्या बाईने मुलाकडे पाहिलं. मुलाने आपला तुकडा केव्हाच तोंडात टाकला होता. मग तिनेही खाल्लं.

मग आई उठली. सगळ्या बायका ओलांडून मागे भिंतीशी बसलेल्या काकूपाशी गेली आणि तिच्यासमोर खाली बसली. तोंडातला घास अजून पुरता गिळला नव्हता.

"बरी झालीय गं पोळी," ती म्हणाली. "मला कधी कळलंच नाही तुझ्या हातची चव."