बागेतल्या टिटवीची चार अंडी

आमच्या गावच्या बागेला बाग म्हणायचं, ते फाटकावर तसं लिहिलंय म्हणून. आत जिकडे तिकडे फरसबंदीचे गट्टू बसवलेले, मधोमध बंद पडलेलं कारंजं, गंजलेली व्यायामाची यंत्रं आणि दुपारी बसवणार नाही असे सिमेंटचे बाक. मागच्या कुंपणाला लागून मुरमाड जमिनीचा एक तुकडा तेवढा उघडा राहिला होता. तो काही कोणी प्रेमानं राखला नव्हता, गट्टू कमी पडले म्हणून राहिला. चार बाभळी, एक कडुनिंब, बाकी खडे. मी निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी त्या बागेत फिरायचो. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण त्या तुकड्याकडे कधी मान वळवून बघितलं नाही. खोटं कशाला बोलू!

बघायला लावलं ते दादानं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचं सगळं आयुष्य आमच्या मूळ गावी, सोनाळ्याला, शेतीत गेलं. वहिनी गेली, मग त्याचे गुडघे गेले, पोरं पुण्यात अडकली. शेवटी शेत मक्त्यानं लावून, घराला कुलूप घालून मीच त्याला माझ्याकडे घेऊन आलो. फार मोठं काम केलं असं मला वाटत होतं. आणि दादानं बोलणंच सोडलं. खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेवलास का? मान हलायची. झोप लागली का? मान हलायची. आठवड्यातून एकदा तोंड उघडायचं, ते एवढ्यासाठीच, "मले घरी नेऊन घाल." कोणतं घर? तिथे त्याला पाण्याचा पेला द्यायला माणूस नव्हतं. हे त्याला सांगताना माझी जीभ अडखळायची.

मग त्याला ओढूनच बागेत न्यायला लागलो. पहिले तीन दिवस तो बाकावर नुसता बसला. चौथ्या दिवशी काठीनं बाभळीकडे खूण करून म्हणाला, "ते पाह्य बे. मुंगूस." दोन महिन्यांनी त्याच्या तोंडून दुसरं काही ऐकलं मी! त्यानंतर रोज काहीतरी. कुंपणाच्या तारेवर बसून माशा टिपणारा वेडा राघू, पाचोळ्यात कचाकचा भांडणारे सातभाई, यंत्राच्या नळीत घरटं केलेली एक भुरकी चिमणी. मातीतला एक इवलासा खळगा दाखवून म्हणाला, याच्या तळाशी किडा बसते मुंगीची वाट पाहत, तुह्या पुस्तकात होता का हा? होता, पुस्तकात होता. प्रत्यक्ष मी पहिल्यांदाच पाहत होतो. घरी आलो की दादा पुन्हा भिंतीकडे वळायचा, पण सकाळचा तो तास माझ्या हाती लागला होता.

उन्हाळा चढला आणि त्याला टिटवी सापडली. मुरमातच, घरटं नाही की काडी नाही, खड्यांच्या रंगाची चार अंडी. मी पुढे जायला लागलो तर त्यानं मनगट धरून मागे ओढलं. "इथूनच पाह्य. जवळ गेलं का ते उठते, अन् उठली का अंडे उन्हात." मग त्यानं मला शिकवलं. एवढ्या उन्हात टिटवी अंड्यांना ऊब देत नाही, सावली देते. नळाच्या गळतीवर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते. "घंटाभर उठली तं संपलं समज," तो म्हणाला. हे त्यानं सांगितलं आणि मी ऐकलं. नीट ऐकलं.

त्या दिवसापासून घरी नेऊन घाल हे बंद झालं. एकदा मीच विषय काढला तर म्हणाला, "पिलं पळू दे. मंग राहीन तुह्यापाशी." माझ्या बायकोला हे सांगताना मला रडू आलं. चार अंड्यांवर माझ्या भावाचं मन टेकलं होतं, आणि माझंही.

पण माझं तोंड! फिरायला येणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांचं एक टोळकं आहे. अक्षय तृतीया झाली की त्यांचा एकच विषय, औंदा पाऊस कसा. एक जण घटाभोवती धान्य मांडून करतात ते घटमांडणीचं भाकीत सांगणार, दुसरा मोबाईल काढणार. त्या दिवशी वाद संपल्यावर एकानं मला छेडलं, "मास्तर, तुमचे भाऊ मुके हायेत काय?" झोंबलं मला. म्हणालो, "मुके? टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस सांगतो माझा भाऊ. तुमचा मोबाईल काय सांगेल!" आमच्याकडे जुनी माणसं तसं वाचतात. अंडी उंचवट्यावर तर पाऊस भरपूर, खोलगट जागी तर कमी, आणि जितक्या अंड्यांची टोकं खाली तितके महिने पाणी. वर्गात पोरांना मी याला अंधश्रद्धा म्हणायचो. आणि तिथे त्याच्याच जोरावर शेखी मिरवली.

रविवारी नऊला वीस-पंचवीस माणसं जमली. बायका, लेकरं, एकीच्या हातात हळदीकुंकवाचं ताट. दादा माझ्याकडे बघून फुटलाच, "काऊन सांगितलं बे तू?" तेवढ्यात टोळक्यातल्या एकानं हात जोडले, "या भाऊ, आता तुम्हीच सांगा. आमाले काय समजते!" या गावात आल्यापासून दादाला कोणी काही विचारलं नव्हतं. तो काठी टेकत उठला आणि सरळ अंड्यांपाशी जाऊन उभा राहिला. टिटवी उडाली.

"पाहा, जागा उंचावर हाये. अन् चारीचे टोकं खाली. चार महिने पाणी." लोकांनी हो हो केलं. मग कोणी विचारलं, पेरणी कधी धरावी, कोणी विचारलं, सोयाबीन घ्यावं का कपाशी. दादा सांगत सुटला. कोणत्या साली टिटवीनं नाल्यात अंडी घातली आणि विहिरी कशा आटल्या, कोणत्या साली बांधावर घातली आणि पुलावरून पाणी कसं गेलं. मधेच त्यानं काहीतरी चावट सांगितलं, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्याचा जुना आवाज, शेताच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा, तो परत आला होता. टिटवी सगळ्यांच्या डोक्यावरून घिरट्या घालत किंचाळत होती. "काय कटकट लावली हिनं!" कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. दादाही हसला.

मी घड्याळ बघितलं. पावणेअकरा. माझं टक्कल भाजत होतं. विज्ञानाचा मास्तर मी, चला म्हणायला एक शब्द पुरला असता. तो मी काढला नाही. भाऊ बोलत होता, तो थांबू नये एवढंच वाटत होतं.

माणसं अकराच्या पुढे पांगली. टिटवी परत येऊन बसली आणि माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशीही ती बसलेली होती, तिसऱ्याही. टोळकं विचारायचं, "भाऊ, पिलं कधी?" दादा म्हणायचा, "होतील." पण तो त्या बाजूला बघायचा नाही. दिवस भरले, वर आणखी आठवडा गेला. एका सकाळी तो आपण होऊन तिकडे गेला, एक अंडं उचललं, कानाशी धरून हलवलं आणि होतं तसं परत ठेवलं.

"मेले," म्हणाला.

"कधी?"

"त्याच दिवशी."

टिटवी त्यानंतरही चार-पाच दिवस बसत होती. मग तिनं जागा सोडली. मी दादाला समजावलं, पुन्हा घालेल, घालतातच त्या, पुस्तकात आहे. काय बोलत होतो मी! दादानं बागेत येणं बंद केलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. सोनाळ्याचं नावही आता तो काढत नाही. त्याचं मला जास्त भय वाटतं.

पाऊस मात्र भरपूर झाला. एका दुपारी टोळकं पेढे घेऊन घरी आलं. भाऊंनी सांगितलं तसंच झालं, आमच्या पेरण्या साधल्या! दादानं एक पेढा हातात धरला, खाल्ला नाही. ते गेल्यावर मी म्हणालो, "लोकं तुझं नाव घेतात रे दादा. मनाला लावून नको घेऊ. त्या गर्दीत टिटवीचं कोणाच्या ध्यानात राहिलं असतं?"

तो किती दिवसांनी बोलला. भिंतीकडे बघतच बोलला.

"ते वरून सांगून राह्यली होती बे. मले आयकू येत होतं. समजतही होतं. तरी मी बोलतच राह्यलो."