बुडालेल्या उंबऱ्याचा दगड

ती घटना आजही आठवते, आणि गंमत म्हणजे ती माझ्या नोकरीतली नाहीच. पस्तीस वर्षं पोलीस खात्यात काढून मी निवृत्त झालो आणि आयर्लंडला, लिक्सलिपला मुलीकडे राहायला आलो, तेव्हाची ती.

इथल्या मराठी मंडळींची प्राचीन नुबियाची देवळं पाहायला इजिप्तच्या दक्षिण टोकाला सहल ठरली होती. गाइड स्वतः नुबियन, डब्लिनमध्ये स्थायिक झालेला. निघण्याआधी शनिवारी त्याने हॉलमध्ये चित्रं दाखवली. नुबियाच्या राजांनी एके काळी इजिप्तवरही राज्य केलं, हे मला तेव्हा कळलं. मग तो म्हणाला, "नदीवर मोठं धरण झालं तेव्हा देवळं कापून उंचावर नेली. आमची घरं मात्र पाण्याखाली गेली."

त्याच्यापुढे ताटलीत एक गुळगुळीत काळा दगड होता, आजीच्या उंबऱ्याजवळून वडिलांनी उचललेला. पूर्वी तिथे मृतांना पाणी वाहत, तसं त्याने दगडावर पाणी ओतून दाखवलं. दर सहलीत तो हा दगड त्या धरणाच्या सरोवरात बुडवून आणायचा. गावाशी तेवढीच भेट.

चहा झाला आणि दगड गायब. सोमवारी विमान. गाइड अगदी रडकुंडीला आला होता.

माझ्या अंगातला पोलीस जागा झाला. दारात उभं राहून मी दरडावलं, "चोरी कुणी केली? आत्ताच सांगा!" कप आवरणाऱ्या आयरिश केअरटेकरची मी वीस मिनिटं उलटतपासणी घेतली. बिचारा शेवटपर्यंत "नो बॉदर", म्हणजे काही हरकत नाही, असंच म्हणत राहिला. त्याची मला आजही लाज वाटते.

धागा मिळाला तो रविवारी, स्वयंपाकघरात. बायको म्हणाली, "शेजारच्या काकू आज दोनदा तुळशीची पानं घेऊन गेल्या."

शेजारच्या काकू म्हणजे मुलाकडे आलेल्या पाटणकडच्या आजी. कालच्या कार्यक्रमालाही होत्या. देव गावीच राहिले म्हणून गेला महिनाभर हळहळत होत्या. मग तुळस कुणाला?

मी गेलो. खिडकीत निरांजनामागे तो दगड होता, डोक्यावर तुळशीपत्र.

"सायेब, त्यानं देवाला पानी घातलं आन् मग उष्ट्या कपांत ठिवला," काकू म्हणाल्या. "मला बगवंना, म्हनून पदरात घेतला. लगीच सांगनार व्हते. पन तुमी चोरी म्हनून वरडला, आन् माजी जीभच रेटंना."

गाइडला बोलावलं. माझ्या मुलीने दोघांचं बोलणं एकमेकांना सांगितलं. दगड त्याच्या हातात देताना काकू म्हणाल्या, "आमचं जुनं गाव बी कोयनेच्या पान्यात गेलं. मी ल्हान व्हते. उंबऱ्याचा खडा बी आनला न्हाई कुनी."

मग त्याने वाकून काकूंचे हात कपाळाला लावले. सहलीहून परतल्यावर दगड घेऊन तो थेट काकूंकडे आला. "माझ्याकडे हा खोक्यात असतो. पुढच्या सहलीपर्यंत इथेच राहू दे."

पस्तीस वर्षं मी माणसांना बोलतं केलं, असं मला वाटायचं. त्या शनिवारी एका भल्या बाईचं तोंड मीच बंद केलं. असं आधी किती जणांचं केलं असेल, कोण जाणे.

काकू गावी परतताना दगड आमच्याकडे सोपवून गेल्या. रोज सकाळी पाणी घालायची ड्यूटी माझी. दोन पळ्या घालतो, एक गाइडच्या गावाला, एक काकूंच्या.