अडचण नाही, सर

माझ्या धाकट्या भावाला आम्ही घरात खांब्या म्हणतो. तेराव्या वर्षीच त्याचं डोकं दाराच्या चौकटीला लागायला लागलं आणि नाव चिकटलं. गोलपोस्टला दोन खांब असतात आणि आमच्या संघाला तीन, असं त्याच्या शाळेतले खेळाचे मास्तर म्हणायचे. हात इतके लांब की जेवताना समोरच्याच्या ताटातलं उचलून खायचा आणि समोरच्याला पत्ताही लागायचा नाही. समोर बहुतेक वेळा मीच असायचे.

मी हे रागाने लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. राग त्याच्यावर आहे, त्याला तसं घडवणाऱ्यांवर आहे, आणि थोडा माझ्यावरही आहे, कारण लष्करी अकादमीचा अर्ज मीच भरला होता. वडील लवकर गेले. आई एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची, मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. अकादमीत शिक्षण फुकट, राहणं-खाणं फुकट, वर हिरवंगार फुटबॉल मैदान आणि पूर्णवेळ कोच. बदल्यात चार वर्षांच्या शिक्षणानंतर पाच वर्षं सैन्यात नोकरी. मला सौदा झकास वाटला. अर्जात एक कलम होतं, ते तर मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं: व्यावसायिक क्लबने करार देऊ केला, तर सेवेला स्थगिती मिळू शकते. म्हणजे आधी खेळा, नोकरी नंतर करा. "बघ, सगळ्याची सोय आहे," मी म्हटलं. किती शहाणी मी!

पहिल्या वर्षी तिथे त्याला काय शिकवलं ते तो सुट्टीवर आला तेव्हा कळलं. आईने विचारलं, "भाजीत मीठ कमी पडलं का रे?" हा ताडकन उभा राहिला. "अडचण नाही!"

आई म्हणाली, "अरे, मी तुझी आई आहे, हवालदार नाही."

आम्ही पोट धरून हसलो. मग त्याने सांगितलं. रोज सकाळी रांगेत वरिष्ठ येऊन विचारतात, काही अडचण? उत्तर एकच, अडचण नाही, सर. कुणी चुकून खरं सांगितलं, की बूट चावतोय, पोट बिघडलंय, तर त्याला काही करत नाहीत. त्याच्या अख्ख्या तुकडीला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावतात. एकदा सांगून झालं की परत कोणी सांगत नाही. तापात तीन दिवस तो गोलमध्ये उभा राहिला होता. अंगठ्याचं नख निघालेलं होतं तेव्हाही. हे सगळं तो कौतुकाने सांगत होता, आणि आम्ही ते कौतुकाने ऐकत होतो. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

खेळ मात्र वाढत गेला. तिसऱ्या वर्षी अकादमीचा संघ मोठ्या स्पर्धेत उपांत्य फेरीत पोचला तो निव्वळ याच्या हातांवर. चौथ्या वर्षी एका नावाजलेल्या क्लबचा माणूस आमच्या घरी आला. गोलमटोल, घामाघूम, जिना चढून धापा टाकणारा. आमच्या एकुलत्या एक खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आमचा गोलकीपर यंदा निवृत्त होतोय. तुमचा भाऊ आम्हाला हवा आहे. करार तयार आहे. फक्त महिनाअखेरीपर्यंत स्थगितीचा कागद आणा, त्यापुढे मला थांबता येणार नाही."

खांब्याने त्या वेळी जे केलं ते मी विसरणार नाही. स्वयंपाकघरात गेला, आईच्या इस्त्रीने पोळलेल्या हातांकडे बघत राहिला आणि लहान मुलासारखा हमसून रडला. आयुष्यात दुसरं काही त्याने मागितलं नव्हतं. त्याला त्या गोलमध्ये उभं राहायचं होतं, बस.

स्थगिती देणारी समिती तिघांची. सुनावणी सकाळी अकराला. नातेवाइकांपैकी एकाला मागे बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. मी दुकानातून रजा घेऊन गेले. लांबलचक टेबल, त्यावर हिरवं कापड, झाकण घातलेले पाण्याचे तीन पेले आणि कोपऱ्यात टाइप करणारा कारकून. अध्यक्ष पिकल्या केसांचे, बोलायला मऊ. त्यांच्या उजवीकडे एक बाई अधिकारी, डावीकडे एक जण सारखा घड्याळ बघणारा. खरं सांगायचं तर माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर मला आज सोपं गेलं असतं.

सगळं सुरळीत चाललं. क्लबचं पत्र वाचलं, कोचची शिफारस वाचली. अध्यक्ष हसून म्हणाले, "पेनल्टी अडवताना तू आधी कुठे बघतोस, पायाकडे की डोळ्यांकडे?" खांब्या म्हणाला, "कमरेकडे, सर. कंबर खोटं बोलत नाही." तिघेही हसले. मी मनातल्या मनात त्याला क्लबची जर्सी घालूनसुद्धा टाकली.

मग अध्यक्षांनी कागद गोळा करता करता सहज विचारलं, "आणि समजा, स्थगिती नाही मिळाली, लगेच नेमणुकीवर रुजू व्हावं लागलं, तर काही अडचण?"

"अडचण नाही, सर!"

खणखणीत आवाज. टाचा जुळलेल्या, हनुवटी वर. चार वर्षं रोज सकाळी दिलेलं उत्तर.

अध्यक्षांचा हात कागदावर थांबला. बाई अधिकारी पुढे झुकल्या. त्यांना संशय आला असावा, कारण त्यांनी हळू आवाजात पुन्हा विचारलं, "नक्की? नीट विचार करून सांग. काहीच अडचण नाही?"

"काहीच अडचण नाही, मॅडम!"

कोपऱ्यातल्या कारकुनाने ते टाइप केलं. मी खुर्चीतून अर्धी उठले होते. दारावरच्या शिपायाने हाताने खूण केली, बसा. मी बसले. मी का बसले, हे मला आजही सांगता येत नाही. फार तर बाहेर काढलं असतं मला.

बाहेर आल्यावर खांब्याचा चेहरा फुललेला. "ताई, छान झालं ना? पेनल्टीचं आवडलं त्यांना."

"तू काय बोललास ते कळलं का तुला?"

"काय बोललो?"

मी सांगितलं. त्याला आठवेना. खरंच आठवेना. मग हळूहळू त्याचा रंग उतरत गेला आणि तो म्हणाला, "पण ते तर... ते म्हणायचंच असतं, ताई. त्यांनाही माहीत आहे की ते म्हणायचंच असतं."

त्यांना माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. चौथ्या दिवशी पत्र आलं. दोन ओळी. अर्जदाराने रुजू होण्यास अडचण नसल्याचे स्वतः व निःसंदिग्धपणे सांगितले असल्याने स्थगितीची आवश्यकता दिसून येत नाही. फेरविचारासाठी सात दिवसांत लेखी निवेदन देता येईल.

सात दिवस होते! मी त्याच दिवशी निवेदन लिहून काढलं. दुकानाच्या मालकांकडून शुद्धलेखन तपासून घेतलं, स्वच्छ अक्षरात उतरवलं, अकादमीच्या फाटकाशी त्याला बोलावून सही घेतली. समितीचं कार्यालय तिथून चालत दहा मिनिटांवर. "चल, आत्ताच देऊन येऊ," मी म्हटलं.

त्याने कागदाची नीट घडी घातली. "असं परस्पर देत नसतात, ताई. तुकडीच्या अधिकाऱ्यांमार्फत जायला हवं. त्यांची सही लागते."

"मग घे सही."

"ते रजेवर आहेत. सोमवारी येणार आहेत."

"सोमवारी आठवा दिवस आहे, खांब्या!"

"त्यांना डावलून दिलं तर ते काय म्हणतील?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भर रस्त्यात मी त्याच्यावर ओरडले, गाढवा म्हटलं, भित्रा म्हटलं, कागद त्याच्या हातातून ओढायला गेले. त्याने तो हात नुसता वर केला. त्या हातापर्यंत मी पोचणार कशी? येणारेजाणारे बघत होते. क्लबच्या माणसाने दोनदा फोन केला, म्हणाला, मी स्वतः नेऊन देतो. खांब्याने त्यालाही नाही म्हटलं. रोज संध्याकाळी फोनवर मला मात्र समजावत राहिला, सोमवारी होईल, ते चांगले आहेत, समजून घेतील.

ते चांगलेच होते. सोमवारी सकाळी आले, निवेदन वाचलं, तिथल्या तिथे सही केली आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे, परस्पर द्यायचं ना! यात काय माझ्यासाठी थांबायचं?"

मुदत संपल्यामुळे निवेदन उघडलंच गेलं नाही. महिनाअखेरीला क्लबने दुसऱ्या एकाशी करार केला.

खांब्याची नेमणूक झाली एका साहित्य-कोठारात. घोंगड्या, तंबू, बूट, दोर. मी एकदा भेटायला गेले होते. पत्र्याची लांब शेड, छतापर्यंत फळ्या, सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास. वरच्या फळीवरचे गठ्ठे काढायला इतरांना शिडी लागायची, याला लागायची नाही. "माझ्यामुळे काम भरभर होतं," तो म्हणाला. अभिमानाने म्हणाला, आणि मला तिथेच बसून रडावंसं वाटलं. वर्षातून दोन वेळा तुकड्यांचे सामने व्हायचे, खडीच्या मैदानावर. त्यात तो झेपा टाकून कोपरं सोलून घ्यायचा. बाकी रोज पहाटे एकटाच शेडच्या भिंतीवर बॉल मारायचा आणि पकडायचा. पाच वर्षं. त्याने एक दिवस चुकवला नाही, हे त्याच्या सोबत्यांनी मला सांगितलं.

सत्ताविसाव्या वर्षी तो सुटला. गोलकीपरला ते वय फार नसतं, हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलं की मी दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही सांगायला लागले. क्लबचा तो गोलमटोल माणूस आता आणखी गोल झाला होता, पण विसरला नव्हता. त्याने अर्ध्या दिवसाची चाचणी ठरवून दिली. मी परत रजा घेतली. मैदानाच्या कडेला लोखंडी कठड्याला टेकून उभी राहिले.

पहिला तासभर मी देवाला नुसते धन्यवाद देत होते. डावीकडे, उजवीकडे, खाली, वर, येईल तो बॉल त्याच्या हातात. पेनल्टी पाच मारल्या, चार अडवल्या. क्लबची पोरं टाळ्या वाजवायला लागली. भिंतीने पाच वर्षांत चांगलं शिकवलं होतं त्याला.

मग सरावाचा सामना झाला. त्यात दोन गोल झाले, दोन्ही सारखेच. बाजूने उंच बॉल आला, खांब्या जागेवरच थांबला, मग धावला, तोवर दुसऱ्याने डोक्याने आत ढकलला होता. मला वाटलं, होतं असं, सवय नाही राहिली. तिसऱ्यांदा बॉल बाहेर गेला म्हणून वाचला.

गोलकीपरांचा कोच माझ्यापासून चार हातांवर उभा होता. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. क्लबच्या माणसाला तो म्हणाला, "हात सोन्याचे आहेत याचे. वयाचंही काही नाही, आणखी आठ वर्षं खेळेल. पण मी बघत होतो. उंच बॉल आला की पुढे यायचं की मागे राहायचं, हे गोलकीपरने अर्ध्या सेकंदात स्वतः ठरवायचं असतं. हा ठरवत नाही. बॉल आला की हा माझ्याकडे बघतो."

"शिकवता येणार नाही?"

"हे काय शिकवणार? नको."

क्लबच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. खांब्याला सांगायला तो गेला नाही. मीच थांबले.

खांब्या अंघोळ करून आला. केस ओले, पिशवी खांद्यावर, कोपर नव्याने खरचटलेलं. माझ्यासमोर येऊन सरळ उभा राहिला. "काय म्हणाले, ताई?"

पाच वर्षं मी त्याला तोंडावर सगळं सुनावत आले होते. गाढव म्हटलं होतं, भित्रा म्हटलं होतं, आईसमोर, लोकांसमोर. त्या दिवशी जीभ उचलली नाही.

"वय झालं म्हणाले," मी म्हटलं. "हात सोन्याचे आहेत, पण बाविसाव्या वर्षी यायला हवं होतं."

त्याने थोडा विचार केला. मग त्याचे खांदे सैल झाले. "मग ठीक आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्या खेळात काही चुकलं की काय."

"नाही रे," मी म्हटलं, "खेळात काही चुकलं नाही," आणि त्याची पिशवी मी घेतली.