राखेच्या टोप्या

उंब्रजची बनुबाई सांगलीला लालासाहेबांच्या कारखान्यात कामाला लागली ती त्रेचाळीस सालच्या दिवाळीनंतर. मी तिथे कारकून होतो, हजेरीपटावर तिचं नाव मीच घातलं. वय विचारलं तर म्हणाली, "तिशी धरा." नवरा? "गेला." मूल? "न्हाई." मागे कुणी आहे का, असं विचारल्यावर म्हणाली, "भाऊ हुता."

मी जास्त चौकशी केली नाही. लढाई चालू होती, गावोगावचे तरणे गडी पलटणीत गेले होते आणि आम्हाला हात हवे होते.

आमच्या कारखान्यात ट्रामच्या तारांचं सामान व्हायचं. मुंबईची ट्राम डोक्यावरच्या तांब्याच्या तारेतल्या विजेवर चाले. ती तार हवेत धरून ठेवायची तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी खांब, खांबांच्या मध्ये आडवी पोलादी तार, आणि त्या आडव्या तारेच्या मधोमध एक पितळी टोपी. टोपीतून खाली बोल्ट येई, बोल्टाला चिमटा, आणि चिमट्यात विजेची तार. साहेब लोक त्याला हँगर म्हणत, आम्ही टोपीच म्हणायचो. खरी गोम टोपीच्या पोटात होती. बोल्ट आणि पितळ यांच्या मध्ये लाख आणि अभ्रक गरम करून दाबून भरायचं, म्हणजे बोल्टापर्यंत आलेली वीज पितळेत शिरत नाही आणि वरची आडवी तार मेलेली राहते. त्या भरवशावर माणसं आडव्या तारेला हात लावत. पूर्वी हा माल विलायतेहून येई. लढाईत बोटी बंद झाल्या आणि ते काम लालासाहेबांना मिळालं.

लालासाहेब दिसायला देखणे, बोलायला गोड. दसऱ्याला प्रत्येक कामगाराच्या हातात स्वतः सोनं द्यायचे, घरच्या बैलाची तब्येतसुद्धा विचारायचे. आम्हाला ते देवमाणूस वाटत.

बनुबाईची मागची हकीकत मला फार उशिरा कळली, पण ती आधीच सांगतो.

सतराव्या वर्षी विधवा होऊन ती उंब्रजला माहेरी परत आली. आई नव्हती. आठ-नऊ वर्षांच्या जोतिबाला, धाकट्या भावाला, तिनेच वाढवलं. मोठा झाल्यावर तो मुंबईला ट्रामच्या तारांवर कामाला लागला. सुट्टीत घरी आला की दारातल्या लिंबावर सरसर चढायचा आणि वरून ओरडायचा, "आक्का, बघ, आसं चढतो आमी!" ती खालून शिव्या घालायची, पण बघत राहायची.

त्रेचाळीसच्या आषाढात तो मेला. तीन दिवस पाऊस धरला होता. आडव्या तारेत खांबाजवळ चिनी मातीचा एक गोळा असतो, त्याला तडा गेला होता. तो बदलायला जोतिबा खांबावर चढला. पाय लोखंडी खांबावर, आणि त्याने आडव्या तारेला हात घातला. तार मेलेली असायला हवी होती. ती मेलेली नव्हती.

त्याच टोळीतल्या गावच्या कृष्णातने त्याचं गाठोडं घरी आणलं. बिछान्यात गुंडाळून त्याने आणखी एक वस्तू आणली होती, त्या जागेवरून उतरवलेली टोपी. तिच्या पितळेवर उगवत्या सूर्याची खूण होती.

"आक्का, हिनं मारलं त्येला," कृष्णात म्हणाला. "पावसात हिच्या पोटातनं वीज वर गेली."

बनुबाईने कोयत्याच्या टोकाने टोपीचं पोट कोरलं. वर लाखेचा चकाकता पापुद्रा होता. आत करडी भुकटी निघाली. तिने ती चिमटीत धरली, जिभेला लावली.

"राख हाय," ती म्हणाली. "गोवऱ्याची."

चुलतभाऊ अर्जुना तिथेच बसला होता. त्या दिवसांत आमच्या भागात पत्री सरकारचा दरारा होता. गुन्हेगाराच्या तळपायावर काठ्या बसत. अर्जुना म्हणाला, "नाव कळू दे कारखानदाराचं. पोरांना सांगतो. जन्मभर आठवण राहील असं तळपाय फोडत्याल."

"पाय म्हैन्याभरात बरं हुत्यात, अर्जुना," बनुबाई म्हणाली. "पुन्ना चालाय लागंल की त्यो."

सूर्याच्या खुणेचा माग काढत ती सांगलीला आली.

तिला दाबाच्या खोलीत काम मिळालं. तिथे दहा-बारा बायका कढत लाख साच्यात भरून यंत्राचा दांडा ओढत. त्यांच्यावर गुंडा मिस्त्री होता. बनुबाईचे हात पहिल्या आठवड्यात भाजून निघाले, पण दोन महिन्यांत तिच्यासारखी टोपी कुणाची होईना. लालासाहेब पाहुण्यांना घेऊन आले की तिच्याच यंत्रापाशी उभे राहायचे. ती मान खाली घालून काम करायची. सगळ्यांना वाटायचं, बाई लाजाळू आहे.

ती बघत होती. लाख महाग झाली की गुंडा मिस्त्री मागच्या शेडमधून वस्त्रगाळ राखेची पोती आणायचा आणि कढईत ओतायचा. त्या दिवशी लालासाहेब हटकून एक फेरी मारायचे, कढईत डोकावायचे, मान हलवायचे. म्हणजे मिस्त्रीची चोरी मालकाच्या डोळ्यांआड नव्हती. हुकूमच मालकाचा होता. हे बनुबाईला डोळ्यांनी बघायचं होतं. तिने ते एकदा सोडून वीसदा बघितलं.

आणि मग तिने तिचं काम सुरू केलं. राखेचा घाणा आला की ती साच्यात बोल्ट तांदळाच्या दाण्याइतका तिरका बसवायची. डोळ्याला दिसायचा नाही. पण मुंबईला त्यावर चिमटा चढवायला गेलं की आटे बसायचे नाहीत आणि टोपी बाद व्हायची. चांगल्या लाखेच्या टोप्या सरळ, राखेच्या तिरक्या. पुढे ती म्हणाली, "माझ्या हातची राख कुणाच्या डोक्यावर टांगू द्याची न्हवती मला." पण तिला तेवढंच साधायचं नव्हतं. बाद माल परत येत राहिला तर कधीतरी मुंबईहून माणूस येईल, हे तिने ताडलं होतं.

पेट्या परत यायला लागल्या. एक दिवस लालासाहेब दाबाच्या खोलीत आले आणि त्यांनी बायकांना रांगेत उभं केलं.

"हे तिरके बोल्ट कुणाच्या हातचे?"

गुंडा मिस्त्रीने चंद्राबाईकडे बोट दाखवलं. चंद्राबाईला दृष्टी कमी होती, तिच्यावर ढकलणं सोपं होतं. लालासाहेबांनी तिला त्याच पावली घालवलं. ती रडत शपथा घेत होती. बनुबाई तिच्या शेजारी उभी होती आणि तिने तोंड उघडलं नाही.

पुढे मी तिला याबद्दल एकदा विचारलं. "ते माझं पाप," ती म्हणाली. "पन तवा बोलली आसती तर लालासाहेब सुटला आसता."

पंचेचाळीसच्या जानेवारीत मुंबईचा तपासनीस आला. बारीक अंगाचा, टक्कल पडलेला, कमी बोलणारा माणूस. लालासाहेबांनी त्याला चहा दिला, साचे झिजल्यामुळे बोल्ट तिरके झाल्याचं सांगितलं, नवे साचे दाखवले. मग दाखल्यांची फाईल पुढे ठेवली. प्रत्येक दाखल्यावर लिहिलेलं होतं की माल चोवीस तास पाण्यात ठेवून विजेच्या दाबाखाली तपासला आहे. खाली माझी सही.

"हे तुमच्यासमोर तपासलं?" तपासनिसाने मला विचारलं.

"हो," मी म्हणालो. मी एकही टोपी तपासताना पाहिली नव्हती. कागद यायचे, मी सही करायचो.

मागच्या अंगणात चाचणीची चौकट होती. दोन खांबांमध्ये आडवी तार, मध्ये टोपी, आणि इंजिनावरच्या डायनामोची वीज खालच्या बोल्टाला जोडलेली. लालासाहेबांनी एक कोरडी टोपी लावून दाखवली. तपासनिसाने वरच्या तारेला आपलं वीज मोजायचं यंत्र जोडलं. काटा ताठ राहिला, म्हणजे वर वीज नव्हती. लालासाहेब हसले.

तेवढ्यात बनुबाई आली. डोक्यावर पाटी, पाटीतून पाणी ठिबकत होतं. तिने पाटी तपासनिसाच्या पायाशी उतरवली. आत दहा-बारा टोप्या होत्या.

"सायेब, ह्या बी हितल्याच हाईत. परवाच्या घाण्यातल्या. कालपासनं पाण्यात ठेवल्यात मी. मुंबईच्या पावसात राहत्यात तशा."

गुंडा मिस्त्री पुढे धावला. लालासाहेबांनी त्याला हाताने थांबवलं. पाहुण्यासमोर गडबड दिसायला नको होती. "भोळी बाई आहे," ते म्हणाले. "राहू दे. आमचा माल पाण्यात बुडवा नाहीतर समुद्रात, काही होत नाही."

तपासनिसाने पाटीतली एक टोपी उचलली आणि स्वतः चौकटीत बसवली. बोल्ट सरळ होता. या खेपेला तिने राखेच्या टोप्यांचे बोल्ट मुद्दाम सरळ बसवले होते. इंजिन सुरू झालं. तो यंत्राकडे हात नेणार, तोच बनुबाई म्हणाली, "थांबा सायेब. यंत्र कशाला? मालकांनीच हात लावावा की वरच्या तारंला. ती तर मेलेली आसती."

अंगणात कामगार जमले होते. लालासाहेब हसायला गेले, पण हसू अर्धवट राहिलं.

"लावा की," ती म्हणाली. "पायताण काढा आन लावा. माझा भाऊ असाच उभा हुता."

"साहेब, ही बाई..."

"माल चांगला असेल तर काहीच होणार नाही," तपासनीस शांतपणे म्हणाला. तो लालासाहेबांकडे निरखून बघत होता.

लालासाहेब चौकटीपाशी गेले. त्यांनी एक पायताण काढलं. हात वर केला. वीतभर अंतरावर हात थांबला. बनुबाई त्यांच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भुकेल्या माणसाने ताटाकडे बघावं तशी ती बघत होती. मला ते बघवेना.

हात खाली आला.

तपासनिसाने यंत्र जोडलं. काटा सपाट पडला, वरची तार जिवंत होती. इंजिन बंद झालं, आणि बनुबाईने कमरेचा कोयता काढून पाटीतल्या टोप्या एकेक करून कोरल्या. फरशीवर ओल्या राखेचा ढीग झाला.

"आता नाव घ्या," ती लालासाहेबांना म्हणाली. "जोतिबा लक्षुमन यादव, मुक्काम उंब्रज. मोठ्यानं घ्या. समद्यास्नी ऐकू जाऊ दे."

लालासाहेबांनी नाव घेतलं.

"आनखी यकदा."

त्यांनी परत घेतलं. मग ती माझ्याकडे वळली. "आन तुमी, हरिपंत?"

मी तपासनिसाला सांगितलं, "मी मघाशी खोटं बोललो. मी काही तपासलेलं नाही."

खटला वर्षभर चालला. गुंडा मिस्त्रीने कबुली दिली, मी साक्ष दिली. लालासाहेबांना शिक्षा झाली. कारखाना बंद पडला आणि साठ माणसं घरी बसली. त्यातल्या बायका बनुबाईला वाटेत गाठून शिव्या द्यायच्या. चंद्राबाई तर तिच्या तोंडावर थुंकली. बनुबाईने पदराने तोंड पुसलं आणि चालू लागली. मला वाटलं, आता ही उंब्रजला जाईल. तिचं झालं.

तिचं झालं नव्हतं. लालासाहेब सत्तेचाळीस साली सुटून आले आणि मिरजेत त्यांनी कंदिलांचं आणि काचांचं लहानसं दुकान टाकलं. आठ दिवसांत समोरच्या फुटपाथवर बनुबाई वांगी आणि कोथिंबीर घेऊन बसली. त्यांच्या दुकानाची पायरी कुणी चढलं की ती तिथूनच म्हणायची, "काच वाजवून घ्या बरं का, ताई. ह्यो मानूस राख इकतो." ओरडायची नाही. रोजच्या आवाजात म्हणायची. निम्मं गिऱ्हाईक मागे फिरायचं.

मला नंतर सांगलीलाच एसटीच्या बुकिंगवर नोकरी मिळाली होती. मिरजेला गेलो की मी तिच्यापाशी थांबायचो. एकदा मी समोर असतानाच लालासाहेब रस्ता ओलांडून आले. केस पांढरे झाले होते, गालफडं बसली होती.

"बाई, मी शिक्षा भोगली," ते म्हणाले. "मुलीचं लग्न मोडलं माझ्या. आणखी किती दिवस?"

"जोतिबा बावीस वर्सांचा हुता," ती कोथिंबिरीवर पाणी शिंपडत म्हणाली. "बावीस वर्सं बसीन. दोन झाली."

ते परत गेले. मी म्हणालो, "बनुबाई, पुरे करा आता. माणूस संपलाय."

"संपलाय कुठं? जेवतोय की," ती म्हणाली, आणि मला अर्धा शेर वांगी घातली.

एकोणपन्नासच्या मार्गशीर्षात दुकानाच्या फळ्या उघडल्या नाहीत. लालासाहेब बायकोला घेऊन रातोरात गाव सोडून गेले, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. कुणी म्हणालं मेढ्याला, कुणी म्हणालं वडूजला, तिथे बायकोचं माहेर आहे.

चौथ्या दिवशी सकाळी बनुबाई माझ्या खिडकीसमोर उभी राहिली. हातात गाठोडं होतं, लुगडं धुतलेलं होतं.

"हरिपंत, वडूजला सरळ गाडी हाय का वाटंत बदलावी लागती?"

मला माहीत होतं ती कशाला चालली आहे. गाडी नाही असं सांगता आलं असतं. तिला वाचता येत नव्हतं, भिंतीवरचं वेळापत्रक तिच्या कामाचं नव्हतं. मागे रांग होती. लोक घाई करत होते.

"कऱ्हाडला बदला," मी म्हणालो. "साडेनऊची मिळेल."

तिने तिकीट पदराच्या गाठीत बांधलं आणि गाडीत खिडकीशी जाऊन बसली.