पदराखालची दोरी

इकडे ये वो पोरी, जवळ ये. दूर आहे तू, माहीत आहे मले, तरी ये. दिवाळीत आली होती तेव्हा कुत्र्याची दोरी मनगटाले वेढे घालून तू तलावाच्या मातीच्या पाळीवर फिरत होती. दुसऱ्या हातात मोबाईल. कुत्रा कुठं अन् तुझी नजर कुठं! असं करते काय कोणी? तेव्हाच बोलायले पाहिजे होतं, पण या गोष्टीत दुसऱ्याले बोलायची मले सोय राहिली नाही. अन् तू विचारलं होतं, शेजारची आजी यंदा फराळाले काहून नाही आली. मी म्हटलं, तिचे गुडघे दुखतात. खोटं होतं ते.

फ्लॅटमध्ये जमत नाही म्हणून माझ्या लेकानं, तुझ्या बाबानं, कुत्रा माझ्याकडे आणून ठेवला, तेव्हा अंगणात उभं करून त्यानं मले दोरी धरायले शिकवली. फासा अंगठ्यात अडकवायचा, वरून मूठ मिटायची, मनगटाले काही गुंडाळायचं नाही. माणूस जवळ आला की दोरी आखूड करायची, अन् कुत्रा माणसापासून दूरच्या बाजूले घ्यायचा. मी त्याले म्हटलं, जन्मभर बैलं सांभाळली मी, तू मले कुत्रा शिकवतो काय.

पण आपल्या गावात कुत्र्याले बांधून फिरवते कोण? सारे मोकळे. पहिल्याच दिवशी हातपंपावरच्या बायकांनी मले घेरलं. एक म्हणे, "काय वो काकू, पोरं मोकळे अन् कुत्र्याले दावं?" दुसरीनं विचारलं, दूध किती देते म्हणून. हसून हसून बेजार झाल्या. मीही हसली, पण मनाले लागलं. दुसऱ्या दिवशी मी दोरी मनगटाले गुंडाळली अन् वरून पदर घेतला. दोरी बारीक, काळी, अंधारू लागलं की दिसायची नाही. मंग त्याच बायका म्हणू लागल्या, काकूचा कुत्रा मोठा ऐकणारा आहे, बांधायची गरजच नाही. मी ते कौतुक ऐकून घेतलं, पोरी. गोड वाटलं मले.

शेजारची आजी अन् मी, आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आलो. संध्याकाळी पाळीवर सोबतच फिरायचो. दोरीचं मी तिलेही सांगितलं नव्हतं, अन् तिले संध्याकाळी कमीच दिसते.

मागच्या पावसाळ्यातली, धानाच्या रोपांचा रोवणा लागायच्या आधीची गोष्ट. ती माझ्या डाव्या हाताले, कुत्रा उजव्या. डावीकडच्या गवतातून बगळा उठला अन् कुत्रा आमच्या पुढून तिच्या बाजूले झेपावला. दोरी तिच्या पायांसमोर आडवी ताणली गेली. मले सोडताच येईना, मनगटाले आवळलेली. ती तोंडघशी पडली, पाळीच्या उतारावर, हातावर.

आता जे सांगते ते तेव्हा कोणाले सांगितलं नव्हतं. मी आधी मनगट सोडवलं, दोरी पदरात कोंबली, अन् मंग तिच्याकडे वाकली. आधी दोरी, मंग ती.

तलावावरचे लोक धावून आले. कसं झालं, कसं झालं, विचारू लागले. ती कण्हत म्हणे, काही समजलंच नाही. अन् मी बोलून गेली, "भोवळ आली असंन तिले."

भंडाऱ्याले नेऊन हाताले प्लास्टर घातलं. हाड तर जुळलं. पण त्या भोवळीनं तिले घरात बसवलं. तिचा पोरगा म्हणे, आता एकटीनं कुठं जायचं नाही. सून तिले बसवून आंघोळ घालू लागली. रोवण्यात सगळ्यात पुढं चालणारी बाई ती, धानाच्या बांधीवर तिच्या गाण्यामागं बाकीच्या गायच्या, अन् त्या रोवण्यात ओसरीवर बसून दुसऱ्यांचं गाणं ऐकत होती. मी रोज भाजी घेऊन जायची. भाजीनं काय होते? एक दिवस ती हळूच म्हणाली, पाय उचलायले भेव वाटते वो, डोकं फिरन अन् पुन्हा पडीन.

ते ऐकून मी घरी आली अन् ताट तसंच झाकून ठेवलं. सकाळी दोरी उघडी हातात घेऊन गेली अन् सुनेच्या देखत सगळं सांगितलं. पदराचंसुद्धा.

तिनं दोरी माझ्या हातातून घेतली. मंग विचारलं, "म्हंजे मले भोवळ आलीच नव्हती?"

"नाही."

"मी भिंत धरून चालून राहिली होती वो. घरातल्या घरात."

ती उठली. भिंतीले हात न लावता ओसरी उतरली, अंगण ओलांडलं अन् रस्त्याले लागली. सून मागं जाऊ लागली, तर हातानंच तिले थांबवलं. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

तेव्हापासून ती पाळीवर एकटी फिरते, मधोमध, झपाझप. समोरून मी दिसली तर थांबते, कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवते, अन् माझ्याशी न बोलता पुढं जाते. मी दोरी आखूड धरून बाजूले उभी राहते. तिचा राग बरोबर आहे. तिचा तिच्याच पायांवरचा भरवसा मी काढून घेतला होता, तोही चार बायकांच्या हसण्याले भिऊन.

माफी मागायले तिच्या दारात एकटीनं जायची मले हिंमत होत नाही. तुले ती नाही म्हणणार नाही, लहानपणी तिच्याच मांडीवर जेवली तू. तू पुढं चाल, मी मागून येईन. पुढचा रोवणा लागायच्या आत ये, पोरी, मले बांधीवर तिच्या गाण्यामागं गायचं आहे. लवकर ये.