लाल गोंड्याची घोंगडी

माझं शिरड शहापूरला मेडिकल आहे. गोळी घेतली की ताप उतरतो, एवढाच चमत्कार मी आजवर मानत आलो. अंगात येणाऱ्या बायकांनाही मी आधी रक्त तपासून घ्या म्हणतो, त्यामुळे गावात माझी कीर्ती काही फार चांगली नाही! पण हा विषय निघाला की बायको म्हणते, "एकदाचं लिहून तरी टाका." म्हणून लिहितोय...

कारगिलचं युद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. आपला हिंगोली जिल्हा नुकताच परभणीतून वेगळा झालेला. तोफांमुळे तिकडची गावं उठली, लेकरंबाळं थंडीत शाळांमधून राहताहेत, असं पेपरात आलं. आम्ही चार-पाच जणांनी पांघरुणं गोळा करायचं ठरवलं. धनगरांच्या वस्तीवर तर घरोघरी घोंगडी मिळाली. तिथल्या सोपानबांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं. त्यांनी दांडीवर चाचपून एक लहानशी घोंगडी काढून दिली.

"लेकरासाठी म्हणता ना? मंग ही घ्या. जावळाची हाय, टोचायची न्हाई." जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरलेली लोकर.

ट्रक गेला. दुसऱ्या दिवशी त्यांची सून गिरजा धापा टाकत दुकानात आली.

"भाऊ, सासऱ्याला दिसत न्हाई वो... माझ्या नागूची घोंगडी दिली त्यांनी!"

नागू तिचा एकुलता एक पोरगा. आदल्या पावसाळ्यात साप चावून गेला.

"कोपऱ्याला लाल गोंडा हाय. तेवढी माघारी आणा. दुसरं कायीच न्हाई माझ्यापाशी त्याचं."

औषधं घेऊन मी मागून रेल्वेने जाणारच होतो. "आणतो वैनी, शब्द देतो," म्हणालो.

डोंगरातल्या त्या शाळेत पोचलो, तोवर वाटप उरकलं होतं. लाल गोंडा शोधत सगळे वर्ग हिंडलो. सापडला — सात-आठ वर्षांच्या एका पोरीच्या अंगावर. जैनब तिचं नाव. बापाचं कापडाचं दुकान होतं, त्यावर तोफगोळा पडला, त्यात आई गेली. तेव्हापासून पोरगी बोलत नव्हती, झोपतही नव्हती.

"जब से ये कंबल मिला है, सो रही है," बाप म्हणाला.

आता मागू कसं? कप्पाळ!

सकाळी जैनब उठली, घोंगडी खांद्यावर टाकून आवारात गेली. जिभेने दोनदा टकटक केलं, "हिर्रर्र... यो" अशी लांब हाळी दिली आणि मांडीवर थाप मारली. बापाला रडूच कोसळलं. "हमारे घर में तो मुर्गी भी नहीं... ये किसको बुला रही है?" मला वाटलं, पाहिलं असेल कुठे मेंढपाळांना. पोरीला आवाज फुटला, यातच मी खूश होतो.

पण गिरजावैनीला तोंड काय दाखवायचं? परतल्यावर रिकाम्या हाताने माळावर गेलो. ती मेंढरं चारत होती. सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं,

"लेकरू झोपलं ना?"

"झोपलं वैनी. बोललंसुद्धा. असं—" आणि मी दोनदा टकटक केलं, हाळी दिली, मांडीवर थाप मारली.

कळपाच्या मागून एक मेंढी वाट काढत धावत आली. माझ्यापाशी थांबून तिने तळहातात तोंड खुपसलं. गिरजाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"नागूनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली हाय ही... तो गेल्यापासून माझ्या हाकेला बी येत नव्हती. आन् ती थाप... आमच्यात कोणीच मारत न्हाई भाऊ. त्योच मारायचा."

मग ती म्हणाली, "पुन्यांदा द्या ना त्याची हाळी."

मी पुन्हा टकटक केलं, हाळी दिली.

मेंढपाळांच्या हाळ्या सगळीकडे सारख्याच असतात, असं मित्र म्हणतात. असतील. पण त्या थापेचं काय? त्यानंतर मात्र दर साली, कोकरांचं जावळ उतरलं की गिरजावैनी एक लहान घोंगडी विणून घेते. लाल गोंडा तेवढा स्वतः लावते आणि माझ्या दुकानात आणून ठेवते.

"कुठं लढाई झाली तर पाठवा," म्हणते. "कोणाचं तरी लेकरू झोपत नसंल."