पाठवलेली एकतीस पत्रं

सावकाश,

तुझ्याच मशीनवर लिहिते आहे. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चित्र औषधालासुद्धा नाही. माउसला हात लावला की तू वैतागायचास, म्हणून लावलेला नाही. तुझी मुलगी शेजारी बसली आहे. जे तुला सांगायला हवं होतं ते आधी तिला सांगावं लागलं.

एवढं लिहून ताईची बोटं थांबली. ज्याला लिहायचं तो धाकटा भाऊ जाऊन तीन आठवडे झाले होते.

सावकाश हे नाव त्याला प्रयोगशाळेतल्या लोकांनी दिलं होतं. चाळीस वर्षं तो तिथे तराजू सांभाळत होता. काटा पुरता स्थिर झाल्याशिवाय आकडा सांगणार नाही. साहेब विचारायचे, "अहो, किती आलं?" हा म्हणायचा, "अजून हलतोय."

अशा माणसाने जन्मात घाई केली ती एकदाच. मुलगी त्याला न विचारता दूरच्या शहरात राहायला निघाली, तेव्हा रागाच्या भरात त्याने तिला ईमेल लिहिली : या घराचं दार तुला बंद. कळ दाबली, पत्र गेलं. मागे घ्यायची सोय नव्हती. पुढे मुलीने त्याचा फोन उचलणंच सोडलं.

मग पुस्तकं पुढ्यात घेऊन त्याने पत्र पाठवणारा स्वतःचा प्रोग्राम लिहिला. दिलेलं पत्र या प्रोग्रामने एक दिवस ठेवून घ्यायचं आणि दुसऱ्या सकाळी सोडायचं; तेवढ्यात राग उतरला तर काढून घेता यावं. आपल्या ईमेलच्या त्या नुसत्या अक्षरांच्या पडद्याला त्याने सेटिंगमध्ये एक ओळ लिहून दिली, की पत्र बाहेर न्यायचं ते याच्याच हाती सोपव.

"पोस्टवालेसुद्धा बरे तुझ्यापेक्षा," ताई म्हणायची.

"माझं ते पत्र पोस्टात अडकलं असतं तर बरंच झालं असतं," तो म्हणायचा.

जुन्या मशीनवर त्याने दोनदा ताईलाच पत्र पाठवून पाहिलं. बरोबर दुसऱ्या सकाळी आलं. मग ते मशीन बंद पडलं. नव्यावर सगळं उतरवून घेतलं, ती ओळसुद्धा, आणि तो मुलीला लिहायला बसला. दर महिन्याचा पहिला रविवार, एक पत्र. ताई तिथेच भाजी निवडत असायची. उत्तर कधी आलं नाही.

"रुसली आहे अजून," तो म्हणायचा. "हक्कच आहे तिचा."

मुलगी आली ती बाप गेल्यावर. दार उघडं होतं तरी तिने बेल वाजवली.

"तीन वर्षांत एक ओळ नाही, आत्या."

"माझ्या डोळ्यांदेखत लिहायचा गं. मी काय आंधळी आहे?"

ताईने तिला मशीनपुढे बसवलं. पाठवलेल्या पत्रांची यादी उघडली : एकतीस. मुलगी कॉम्प्युटरवरच पोट भरते. तिने सेटिंगमधली ती ओळ शोधली आणि बापाचा प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला.

"दोन भाग आहेत, आत्या. एक पत्र ठेवून घेणारा, दुसरा रोज सकाळी ती सोडणारा. दुसऱ्याला रोज चालू कर, असं मशीनला सांगावं लागतं. नव्या मशीनला ते सांगायचं राहिलं."

"मग पाठवली असं का म्हणतंय हे?"

"बाबांच्या प्रोग्रामने पत्र घेतलं आणि झालं म्हणून सांगितलं. ईमेलच्या या पडद्याने विश्वास ठेवला."

एकतीसच्या एकतीस पत्रं एका फोल्डरमध्ये पडून होती. तिने पहिलं उघडलं. 'दार उघडं आहे. कुलूपही बदललेलं नाही. किल्ली तुझ्याकडे असेलच.'

मुलीने पर्समधून किल्ली काढली आणि मेजावर ठेवली.

तेव्हा ताईला बोलावंच लागलं. सहा महिन्यांपूर्वी तो तिला म्हणाला होता, "ताई, तिला एक फोन कर. तुझा उचलेल ती. समजूत घालू नकोस, काही नको. पत्रं पोचतात का, एवढंच विचार."

"बापलेकीच्या भानगडीत मला ओढू नकोस," ताई फणकारली होती. मग त्याचं तोंड पाहून म्हणाली, "बघते उद्या."

"कर सावकाश," तो म्हणाला, आणि त्याने नंबर लिहून दिला.

ती चिठ्ठी ताईच्या चष्म्याच्या डबीत आहे. त्याने घातलेली घडी तशीच.